पात्याला लावलेलं तेल

दोन हजार चारचा उन्हाळा. आम्ही दोघं अमेरिकेत, श्रूजबरीला मुलाकडे होतो. मुलगा-सून कामावर गेली की मला बोलायला माणूस नाही. आणि आमचे हे, ज्यांच्या तोंडून चाळीस वर्षांत शब्द ओढून काढावा लागला, त्यांना शेजारी मित्र मिळाला! गोरा, ह्यांच्याच वयाचा. ह्यांचं इंग्रजी बेताचं, त्याला मराठी शून्य. तरी सकाळी नऊला त्याच्या गॅरेजात गेलेले हे जेवायला येत एक वाजता, तेही मी हाका मारल्यावर.

त्या शेजाऱ्याची एक ठासणीची बंदूक होती, टोपीवर, म्हणजे स्फोटक भरलेल्या इवल्याशा तांब्याच्या टोपीवर उडणारी. गावात त्यांच्या स्वातंत्र्याच्या लढाईचा देखावा करायचे, त्यात त्याला ती घेऊन चालायचं होतं. पण त्या काळी टोप्या कुठल्या? गारगोटीच्या ठिणगीवर बार उडायचा. तशी करून आण, मगच घेऊ, असं देखावा करणाऱ्या मंडळानं सांगितलेलं. आमच्या ह्यांचा जन्म पुण्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये गेलेला. झालं! टोपीचा खटका काढा, चकमकीचा बसवा, त्यासाठी लाकूड कोरा, नळीला भोक पाडा. माझा बिघडलेला मिक्सर मात्र महिनाभर तसाच पडून.

एकदा खटका जेवणाच्या टेबलावर ठेवून हे आंघोळीला गेले. गारगोटी ज्यावर आपटते त्या पोलादी पात्यावर बोटांचे डाग दिसले. गंजेल म्हणून मी तव्याला लावते तसा खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. मनात वाईट काही नव्हतं, खरंच.

दुसऱ्या दिवशी ठिणगी पडेना. दगड फिरवला, बदलला, तरी नाही. गॅरेजच्या दारातून बघताना मला लगेच कळलं. तेल! आणि मी, इतकी बडबडी बाई, दोन दिवस गप्प बसले. म्हटलं, मोडू दे एकदाची ही गट्टी.

मोडते कसली! तो ह्यांच्या पाठीवर थोपटतोय आणि हे मला सांगतायत, "पात्याला पाणी नीट बसलं नाही माझ्याकडून." पातं कडक व्हावं म्हणून पुन्हा तापवून लाल करायला निघाले, तेव्हा मात्र राहवेना.

"अहो, थांबा. मी तेल लावलंय त्याला."

"केव्हा?"

"तीन दिवस झाले."

"आणि आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

ह्यांनी पातं घासून पुसलं, खटका ओढला. ठिणग्याच ठिणग्या! मग त्याला सांगायला लागले, "वाइफ... कोकोनट ऑइल... लाइक तवा." तो हसत हसत स्टुलावरच बसला. हेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. विषय मीच पुरवलेला. तरातरा घरी निघून जावं असं वाटत होतं, पण पाय निघेना. एवढं हसताना मी ह्यांना कधी पाहिलंच नव्हतं.