बिनफवारणीची भाजी आणि तुमच्या बाबाची वजनं

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, "आजी, मी जिममध्ये वजनं उचलतो. ऑरगॅनिक खाणं दुप्पट भावाने घेण्यात काही अर्थ आहे का?" ऐकताक्षणी माझं डोकं दुखायला लागलं. हा प्रश्न आपल्या घरात एकदा येऊन गेला आहे, आणि तेव्हा स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही बेटाच्या मधल्या भागात, कार्तिए मिलितेर गावात राहत होतो. तुमचे आजोबा सरकारी कचेरीत, मी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि तुमचा बाबा रोज संध्याकाळी क्लबात जाऊन लोखंड उचलायचा. त्या वर्षी शेजारच्या बेटावर, रेयुनियाँला, स्पर्धेसाठी जाणाऱ्या संघाची निवड गणेश चतुर्थीनंतरच्या रविवारी होती. त्याने तोवर आपलं बेट सोडून दुसरी जमीन पाहिली नव्हती. त्याला त्या संघात जायचंच होतं. उठता-बसता दुसरा विषय नाही.

क्लबात एक फ्रेंच मासिक फिरत होतं. त्यात कोणा पहिलवानाने लिहिलं होतं म्हणे, की खत-फवारणीच्या अन्नाने स्नायू पोकळ होतात. पोकळ स्नायू म्हणजे काय, असं मी विचारलं. त्याने दंड फुगवून दाखवला.

नुव्हेल फ्रांस गावाला एक गृहस्थ फवारणी न करता भाजी पिकवायचे. दर शनिवारी हा तिकडे जायचा आणि बाजारापेक्षा दुप्पट भाव मोजून गोणी खांद्यावर टाकून आणायचा. आधी याच पैशांतून तो दुधाच्या पावडरचे डबे आणत असे. गोणीत बहुतेक शुशू. शुशू म्हणजे वेलावर लागणारं, पाण्याने भरलेलं, कशाचीही चव नसलेलं हिरवं फळ. ते चिरताना हाताला चीक लागतो आणि दिवसभर सुटत नाही. कोबी असला तर अळ्यांसकट.

"अळी आहे म्हणजे औषध मारलेलं नाही, आई," तो अभिमानाने सांगायचा.

"मग अळीच खा. तिच्यात ताकद तरी असेल."

तुमचे आजोबा ताटावर बसल्या-बसल्या म्हणायचे, "आयो, परत शुशू!"

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पण मुलगा विचार करणारा. एक दिवस विचारू लागला, आपला तांदूळ कुठून येतो? जहाजातून. डाळ? तीही जहाजातून. दुधाची पावडर? तीसुद्धा. "मग त्यांच्यावर कोणी काय मारलंय, कोणाला ठाऊक?" साखर आमच्या दारासमोरच्याच उसाची, पण त्या उसावर काय मारतात ते आम्हाला वासानेच कळायचं. झालं, सगळं बंद. उरलं शुशू, रताळी आणि शेजारणीच्या कोंबड्यांची अंडी. तेवढ्यात चतुर्थीचा करेम लागला. सणाआधीच्या त्या सोवळ्या दिवसांत आपल्या घरात अंडी-मासे शिरत नाहीत. मग अंडीही गेली.

त्याच्या सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. एका संध्याकाळी क्लबातून आला आणि पायरीवरच बसून राहिला.

"काय झालं?"

"बार छातीपर्यंत येतो आणि अडकतो. मागच्या महिन्यात तोच डोक्यावर नेत होतो." बूट सोडत म्हणाला, "गोणी कमी पडतेय बहुतेक."

मी तडक आत गेले, कारण बोलले असते तर करेममध्ये तोंडातून नको ते शब्द गेले असते. आत माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "सासूबाई, उद्यापासून नैवेद्याला डाळ-भात आणि खीर करू?"

"रोज खीर? सण अजून आला कुठे?"

मी दाराकडे मान वळवली. पायरीवर नातू बसला होता. त्यांनी त्याची ती सैल कॉलर न्याहाळली.

"कर," त्या म्हणाल्या. "आणि डाळ घट्ट कर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यापुढे ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, घंटा वाजवली, आणि तेच ताट उचलून नातवापुढे आणलं.

"आजी, ही डाळ जहाजातली."

"देवाने खाल्ली. तू देवापेक्षा शहाणा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नारळ खवत होते. आपल्या घरात प्रसाद कोणी परत पाठवत नाही. तुमच्या आजोबांना केळं पाहून मळमळतं, तरी प्रसादाचं केळं ते गिळतात. तुमच्या बाबाने पहिला घास घेतला आणि मग मान वर केली नाही. ताट रिकामं होताच सासूबाईंनी पुन्हा वाढलं.

"प्रसाद एवढा असतो का गं, आजी?"

"हल्ली आपल्या देवाला भूक फार."

चतुर्थीपर्यंत रोज हेच चाललं. चतुर्थीला मोदक झाले. त्यातलं पीठ जहाजातलं, साखर दारासमोरची. त्याने किती खाल्ले ते मोजायचं मी टाळलं.

रविवारी तुमचे आजोबा, सासूबाई आणि मी क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसलो. पहिल्यांदा बार पुन्हा छातीवर अडकला आणि सासूबाईंनी माझं मनगट गच्च धरलं. दुसऱ्यांदा तो वर गेला आणि वरच राहिला. शेवटी नावं वाचली, त्यात याचं नाव होतं.

बाहेर येऊन त्याने मला मिठी मारली. "बघितलंस, आई? शेवटी ती भाजीच कामी आली!"

आता सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं?

तर धाकट्या, डाळ, दूध, अंडी पोटभर घेऊन झाल्यावर पैसे उरत असतील, तर बिनफवारणीची भाजी खुशाल घे. त्या गृहस्थांचा कोबी गोड होता, हे मी मान्य करते. पण डाळीला काट मारून ती आणू नकोस. आणि बाबाला विचारू नकोस, तो आजही भाजीचंच नाव घेईल.

सोमवारी तो मोदकांचा डबा घेऊन नुव्हेल फ्रांसला आभार मानायला गेला आणि येताना दोन गोण्या घेऊन आला. सासूबाईंनी गोण्यांकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे.

"सण तर झाला. उद्यापासून खीर बंद?"

"हा रेयुनियाँहून परत येईपर्यंत चालू," मी म्हटलं आणि शुशू चिरायला घेतलं.