गाडीच्या खोलीतली शेगडी

कोंबड्यांचा वास मला लहानपणापासून सहन होत नाही. ओली पिसं, शीट, त्यात सांडलेलं खाद्य. नुसत्या आठवणीनंही घशाशी येतं. म्हणून बायकोनं बचत गटातून गावरान कोंबडीची शंभर पिल्लं आणायचं ठरवलं, तेव्हा मी एकच अट घातली. पिल्लं घरात येणार नाहीत.

कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मी नागभीडजवळ घर बांधलं, तेव्हा हौसेनं गाडीसाठी वेगळी खोली काढली होती. वर पत्रे, पुढे लोखंडी शटर आणि मागच्या भिंतीत छताखाली एक जाळीची खिडकी. गाडी अंगणात काढून ताडपत्रीखाली ठेवली आणि ती खोली पिल्लांना दिली. आपण मन मोठं केलं असं मला वाटलं होतं. आता ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

पौषातले दिवस होते. पिल्लं दोन दिवसांची, मुठीत मावणारी. खाली धानाचं तूस पसरलं होतं, तरी पत्र्यातून आणि शटरच्या फटीतून गारठा आत यायचा. पहिल्या रात्री बायकोनं बल्ब लावले. वीज दोनदा गेली आणि पहाटे पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली दिसली. खालची दोन मेली होती.

बायको म्हणाली, चुलीच्या खोलीत ठेवू, तिथं भिंतीसुद्धा गरम असतात. मी नाही म्हटलं. बाजारात गॅसवर चालणारी शेगडी मिळते असं कुणीतरी सांगितलं, पण ती चंद्रपूरहून आणावी लागणार होती आणि तेवढी धावपळ मला त्या पिल्लांसाठी करायची नव्हती. गावातल्या चहावाल्याकडे दगडी कोळशाची जुनी शेगडी पडून होती. ती मी उचलून आणली.

आमच्याकडे दर आठवड्याला जंगलातल्या गावाहून एक म्हातारी बाई बांबूच्या टोपल्या विकायला येते. तिनं जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. शेगडी पाहून ती मला म्हणाली, "भाऊ, कोळसा ठेवत असान तं वरची खिडकी उघडी राहू द्या." मी तिला सांगितलं की कोळसा अंगणात पेटवून, धूर पूर्ण गेल्यावरच शेगडी आत नेणार आहे. हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, अशीच माझी समजूत होती.

दोन दिवस सगळं ठीक चाललं. पिल्लं शेगडीभोवतीच्या विटांपाशी पसरून झोपायची. पण गाडीच्या खोलीची ती खिडकी माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोरच येते. उबेनं तूस आंबायला लागलं, आणि तो आंबट, कोंदट वास माझ्या पांघरुणापर्यंत यायला लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टूल घेतलं आणि त्या खिडकीत गोणपाट कोंबलं. बायकोला सांगितलं नाही. पहाटे पाचला उठून अंगणात पेटवलेला कोळसा नाकाला रुमाल लावून शेगडीत घातला, पिल्लांकडे न पाहताच बाहेर आलो आणि शटर खाली ओढलं.

तासाभरानं मी चहा पीत बसलो होतो. रोज त्या वेळी चिवचिवाट असायचा. त्या दिवशी नव्हता, आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

बायको दाणा घालायला गेली. शटर अर्धवट वर गेल्याचा आवाज आला, मग बऱ्याच वेळानं दाण्याचं पातेलं पडल्याचा. मी गेलो तर ती आत, मागच्या भिंतीपाशी, तुसावर गुडघे टेकून बसली होती. डोकं खाली झुकलेलं. हाक मारली तर नुसतं हूं म्हणाली. मी काखेत हात घालून तिला ओढत अंगणात आणलं. तिथं तिला उलटी झाली. शेजाऱ्याला हाक मारली, तो आला, आणि तिला गाडीत घालून आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला, धूर नसला तरी पेटत्या कोळशाचा विषारी वायू कोंडतो असं सांगितलं आणि मला विचारलं की बंद खोलीत कोळसा कुणी ठेवला होता. मी सांगितलं, मीच.

दुपारी ती घरी आली. डोकं फार दुखत होतं, ती पडून राहिली. मग मी शटर पूर्ण उघडून आत गेलो. शेगडीभोवती आणि मागच्या भिंतीला लागून पिल्लं पडली होती. चोची उघड्या, पाय ताणलेले. जिवंत होती ती सगळी शटरच्या फटीपाशी, थंड जमिनीवर. सत्तावीस. बाकीची मी हातानं उचलून बादलीत भरली आणि मागच्या आवारात खड्डा केला. दोनदा ओकलो. घाण पिल्लांची नव्हती. मी खिडकीत कोंबलेलं ते गोणपाट काढताना मला सगळ्यात जास्त किळस आली.

ते हातात घेऊन मी घरात आलो. बायकोनं पाहिलं.

"खिडकीले हे कोणं लावलं होतं?"

"मी."

"काऊन?"

"वास येत होता."

ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "मंग तुम्ही नाकाचीच सोय केली. पिल्लांची नाई."

संध्याकाळी उठून तिनं ती सत्तावीस पिल्लं बैठकीत आणली. मोठ्या टोपलीत कापड घातलं, वर बल्ब बांधला. वीज गेली की बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायची. हे इतकं सोपं होतं. तिनं मला काही विचारलं नाही. टोपलीतली कापडं धुण्याचं काम मी आपणहून घेतलं.

चार दिवसांनी गटातल्या बायका चौकशीला आल्या. बायकोनं त्यांना सांगितलं की पिल्लं थंडीनं मेली, शटरपाशी होती तेवढीच वाचली. ती मला वाचवत होती. मी चहाचे कप घेऊन उभा होतो आणि मी तिला खोटं बोलू दिलं.

टोपल्या विकणारी बाई त्या दिवशी पडवीत बसलेली होती. तिनं एक पिल्लू हातावर घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "भाऊ, थंडी तं शटरपाशीच जास्त. मंग थेच कसे वाचले?"

बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. बायको खाली पाहत होती. मी कप खाली ठेवले आणि सगळं सांगितलं. खिडकी, गोणपाट, वास, दवाखाना. त्यांच्यातल्या एकीनं फक्त पदर नाकाशी धरला आणि ती माझ्यापासून थोडी सरकून बसली. ते मला पटलं.

म्हातारी म्हणाली, "आमच्या गावच्या दोघीतिघींनी पिल्लं नेले गटातून. त्याहिच्या घरी शेगड्याच हायेत. तुम्ही स्वतः येऊन सांगा त्याहिले."

दुसऱ्या दिवशी मी बायकोला घेऊन तिच्या गावी गेलो. साजाची झाडं संपेपर्यंत रस्ता आहे, पुढे पायवाट. दोन घरी हवेसाठी वरचं कौल सरकवलेलं होतं, तिथं माझी काही गरज नव्हती. तिसऱ्या घरी एका तरुण बाईनं पिल्लं बैलांच्या कोठ्यातल्या कोपऱ्यात ठेवली होती. मधोमध शेगडी, आणि वाऱ्याचा झरोका शेण आणि चिंध्या भरून बंद केलेला. मांजर येतं म्हणून, ती म्हणाली.

माझी गोष्ट मी तिला सांगितली. ती घाबरली, शेगडी उचलून बाहेर नेली. मी ओंडक्यावर चढून झरोक्यात हात घातला. शेण आत अजून ओलं होतं. कोपरापर्यंत हात भरला, पण चिंध्या निघेपर्यंत मी हात काढला नाही. बायको खाली उभी राहून चिंध्या घेत होती. मांजर येऊ नये म्हणून तिनं त्या बाईला तारेची जाळी आणून द्यायचं कबूल केलं, आणि मला म्हणाली, "उतरा आता. त्या बाजूनं एक अजून झरोका हाये."