हार घालू नये, बाया जिवंत आहेत

चित्रकाराच्या घरात दोन गोष्टी फार साठतात. वाळून कडक झालेले ब्रश आणि किस्से. ब्रश मी दर दिवाळीला फेकतो. किस्से मात्र फेकवत नाहीत, आणि चार मित्र चहाला बसले की एकामागून एक बाहेर पडतातच! गोदूताईंच्या प्रदर्शनाचे तर इतके आहेत की बायको म्हणते, "आता याच किश्श्यांचं एक प्रदर्शन लावा."

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. मी अमरावतीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि फोटोवरून ऑईलची पोर्ट्रेट्स करायचो. आमच्या गटात तिघंच. मी, शाळेतले ड्रॉईंग मास्तर, आणि मास्तरांची धाकटी बहीण गोदूताई. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि चित्रं आम्हा दोघांपेक्षा चांगली काढायच्या. मास्तर हे कबूल करत नसत. मी करायचो, पण मास्तर नसताना.

*

सुरुवात झाली ती एका मेलेल्या बाईपासून.

आमच्याकडे बाईचं चित्र निघायचं ते ती गेल्यावर. तेरवी आटोपली की माणसं माझ्याकडे यायची, हातात कुठल्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. त्यातली एक बाई वेगळी काढायची, मोठी करायची, भिंतीवर लावून हार घालायचा. एकदा वरूडकडचं एक कुटुंब आलं. आई गेली होती आणि तिचा फोटो उभ्या आयुष्यात निघाला नव्हता.

"मग काढू कशावरून?" मी विचारलं.

थोरल्या मुलानं सगळं घरच गाडीत घालून आणलं होतं. त्यानं एकेकाला पुढं केलं. "नाक या मावशीचं घ्या. डोये धाकटीचे. हनुवटी मामाची, पन मिशा सोडून!"

तसं काढलं. आठ दिवसांनी चित्र बघून अख्खं घर ढसाढसा रडलं. "हुबेहूब आमची माय!"

मी हे हसत हसत गोदूताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढी वर्षं जगली बिचारी, आणि तिचा चेहरा कुणाकडेच नाही." आणि मग एकदम म्हणाल्या, "मी जिवंत बायांची चित्रं काढणार. बारा. खाली प्रत्येकीचं स्वतःचं नाव. आणि ती चारचौघांत लावणार, आधी इथं, मग अकोल्याला."

मास्तर म्हणाले, "एकही बाई बसणार नाही."

"बघू."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. बहिणीचा 'बघू' त्यांना लहानपणापासून ठाऊक होता.

*

पहिल्या सहा घरांतून एकच उत्तर आलं. "मी का मेली काय?"

सातवी येसूबाई, गोदूताईंच्या शेजारची. ती तयार झाली, पण एका अटीवर. "हात रिकामे ठिवून बसन त लोक म्हनतीन बाई बिमार हाये. मी काम करत बसन."

ठीक आहे म्हणून गोदूताईंनी तिच्यासमोर तुरीनं भरलेलं सूप ठेवलं. तूर निवडताना चित्र सुरू झालं. चांगली स्थिर बसायची हो! पण दुसऱ्या दिवशी बघतो तर तूर दुप्पट. तिसऱ्या दिवशी चौपट! येसूबाई बसून आहे, हात चालू आहेत, ही बातमी गल्लीभर झाली होती, आणि ज्याची त्याची पायली दोन पायली तूर गुपचूप सुपात येऊन पडत होती.

पंधरा दिवसांनी चित्र पुरं झालं. गल्लीतल्या बायका हिरमुसल्या. एक तर गोदूताईंना म्हणाली, "ताई, अजून थोडं कच्चं वाटून राहिलं. माही ज्वारी राहिली निवडाची."

*

येसूबाईपाठोपाठ बाकीच्याही बसू लागल्या, पण मास्तरांना एकच गोष्ट खटकायची. प्रत्येक चित्रातली बाई सरळ समोर बघत होती. त्यांच्या मते चांगल्या घरच्या बाईची नजर खाली हवी.

चंद्रभागेचं चित्र चालू होतं तेव्हाची गोष्ट. ही वलगावची. घरचा मळा, भाजीची टोपली घेऊन ती अमरावतीच्या बाजारात बसायची. मास्तर मागून येऊन म्हणाले, "गोदू, हिची नजर जरा खाली घे."

गोदूताई काही बोलायच्या आत चंद्रभागाच म्हणाली, "मास्तर, खाली पाहून भाजी इकली त लोक टोपलं उचलून नेतीन!"

मास्तर त्यानंतर मागून येईनासे झाले.

*

प्रदर्शनाची परवानगी काढायला मी आणि गोदूताई एका कचेरीत गेलो. आता आमच्या भागात प्रदर्शन म्हणजे गुरांचं, नाहीतर कापसाचं. कारकुनानं त्याच्याकडे होता तो फॉर्म पुढं सरकवला.

मी म्हटलं, "ताई, हा गुरांचा आहे. परत येऊ."

"परत कशाला? फॉर्म आहे ना?" त्यांनी पेन काढलं. जनावरांची संख्या: एकही नाही. पाण्याची सोय: आहे. चाऱ्याची सोय: चहा.

कारकुनानं सगळं नीट वाचलं, मान डोलावली आणि शिक्का मारला. वर बजावलं, "दावी मजबूत ठेवा."

*

नावाचा घोळ मात्र मला कधीच हसण्यावारी नेता आला नाही.

गोदूताईंचा हट्ट की चित्राखालच्या पट्टीवर 'अमक्याची आई', 'तमक्याची मंडळी' असलं काही येणार नाही. एक म्हातारी होती, चांगल्या काळ्या जमिनीच्या घरातली. मी पट्टी आणि ब्रश घेऊन बसलो. "काय लिहू?"

"रामरावाची माय."

"तुमचं नाव?"

"कोन हाक मारते मले नावानं?" म्हणाली. माहेरचं एक नाव होतं, लग्नात बदलून दुसरं मिळालं होतं, आणि दोन्ही न वापरता पडून होती. "उद्या सांगतो" म्हणून गेली. वऱ्हाडातल्या बाया 'सांगतो'च म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. रात्रभर जागली असावी, डोळे लाल होते.

"दोनी लिवा," ती म्हणाली. "पहिलीले कोनी पायलंच नाही."

मी दोन्ही लिहिली. माहेरचं आधी.

*

अमरावतीच्या प्रदर्शनाला पहिल्याच दिवशी तोबा गर्दी! अचलपूरहून एक आजोबा मोटारीनं आले होते, कोर्टाच्या कामाला. गर्दी दिसली म्हणून आत शिरले. भिंतींवर बारा बायांची चित्रं बघितली आणि दारातच जोडे काढले. टोपी काढून प्रत्येक चित्रासमोर हात जोडत जोडत ते शेवटपर्यंत गेले. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "भाऊ, एकाच वर्षी एवढ्या बाया? कोनती साथ होती?"

मी समजावणार तोच शेजारी उभी येसूबाई म्हणाली, "बाबाजी, मी ते तूरवाली. चांगली हावो ना मी!"

आजोबा दोन पावलं मागं सरले ते जोडे विसरून थेट रस्त्यावर!

दुपारपर्यंत बाहेर फुलवालाही येऊन बसला. लोक हार घेऊनच आत येऊ लागले. पाच चित्रांना हार पडले आणि त्यातल्या दोघी आपला हार बघून रडायला लागल्या. शेवटी गोदूताईंनी माझ्याकडून दारावर पाटी रंगवून घेतली: 'हार घालू नये. बाया जिवंत आहेत.'

इतक्या पाट्या रंगवल्या आयुष्यात, पण वाचायला रांग लागली ती हीच.

*

आता अकोल्याचं सांगतो.

तिथं एका अडत्यानं कापसाची रिकामी वखार दिली होती. दुसऱ्या दिवशी चंद्रभागेचा सासरा आला. गावात कुणीतरी सांगितलं होतं की तुमची सून नावानिशी भिंतीवर आहे आणि परगावचे पुरुष तिच्याकडे बघतात. म्हातारा सरळ त्या चित्रापाशी गेला. चित्र खिळ्यावरून उतरवलं, बरोबर आणलेल्या जुन्या धोतराच्या पानात गुंडाळलं. एवढंच म्हणाला, "आमच्या घरची बाई लोकाईनं पाह्याची चीज नाही." आणि काखेत मारून निघून गेला.

मास्तर म्हणाले, "अकरा नीट पसरून लाव. कुणाला कळणार नाही."

गोदूताईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता. "खिळा तिथंच राहील. पट्टीपण." त्यांनी पदरानं पट्टी पुसली. 'चंद्रभागा, वलगाव.' वर मोकळी भिंत. दिवसभर लोक मोकळ्या भिंतीसमोर थांबायचे, पट्टी वाचायचे आणि पुढं जायचे. मला ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वखार उघडली आणि तासाभरात चंद्रभागा आत आली. एकटी, वलगावहून अमरावती आणि तिथून रेल्वेनं. डोक्यावर भाजीचं टोपलं. पट्ट्या वाचता येत नव्हत्या, पण मोकळा खिळा एकच होता. त्याच्याखाली टोपलं ठेवून ती भिंतीला टेकली, एक गुडघा उभा केला, हात टोपलीच्या काठावर, आणि नजर सरळ समोर. गोदूताईंनी काढली होती अगदी तशी.

गर्दी जमली. अर्ध्या तासानं गर्दीतून वाट काढत सासरा आला, घामानं थबथबलेला. सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून तो गोदूताईंकडे बघून ओरडला, "इले म्हना उठ! काहून बसली इथं?"

चंद्रभागेनंही डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान न हलवता गोदूताईंनाच म्हणाली, "ताई, मामाजीले सांगा, मी बसलेली नाही. मी टांगलेली हावो."