समोरचा बुवा

आमच्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचं तोंडावर कौतुक केलेलं नाही. देवाचं करतात, तेही बाजाची पेटी पुढ्यात असली तर. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी निकालाचा कागद घेऊन लालबागला त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "बी. ए. झालंस? बरा झाला. आता रेशनच्या लायनीत इंग्रजीत उभो रव." मी खट्टू होऊन घरी आलो. चार दिवसांनी कळलं, की परळच्या ज्या दवाखान्यात मामा लिफ्टमन होते, तिथे त्यांनी लिफ्टमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला होता आणि डायबेटीसच्या एका पेशंटला तर डॉक्टरांच्या देखत दोन. तेव्हापासून मला नाव उरलेलं नाही. मामा मला 'बीए' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

मामांची नोकरी लिफ्टमनची असली तरी धंदा भजनी बुवाचा. लिफ्टमध्ये ते रियाज करत. तळमजल्यावर खर्ज लावायचा, चौथ्या मजल्यावर वरचा षड्ज गाठायचा आणि सम आल्याशिवाय दार उघडायचं नाही. मोठमोठे सर्जन हातातली फाइल सांभाळत समेची वाट बघत उभे राहिलेले लोकांनी पाहिलेत. मामांचे भजनातले सगळे गजर आजही बरोबर चार मजल्यांचे आहेत. मधेच कुणी बोललं तर मामा त्या माणसाकडे दुसऱ्या मजल्यावर उतरवून टाकण्याच्या नजरेने बघतात.

आमच्या मालवणी मंडळींत डबलबारी असते. दोन भजनी बुवा आपापली पेटी, पखवाज आणि झांजा घेऊन समोरासमोर बसतात आणि भजनातूनच एकमेकांची अशी काही चंपी करतात, की पांडुरंगालाही मधे पडावंसं वाटावं. मामांच्या समोर कायम शिवडीचे बुवा. हे गोदामात नोकरीला होते, अंगाने मामांच्या दुप्पट आणि आवाजाने मध. चाळीस वर्षं या दोघांनी एकमेकांना बेसूर, घोरक्या, देवाला झोप येईल असा गाणारा, असं सगळं सुरात म्हणून घेतलं. दोघांत एक नियम ठरलेला होता. ज्याने समोरच्याची मनापासून स्तुती केली, त्याची उत्तरं संपली, म्हणजेच तो हरला. चाळीस वर्षांत कुणी हरलं नाही. बारी संपली की दोघे एकाच ताटातले वाटाणे-पाव खात, तेही एकमेकांच्या खाण्याला नावं ठेवत.

गजराला चाल लागते, आणि ती लोकांच्या ओठांवरची असावी लागते. म्हणून नव्या चालींच्या शोधात मामा माझ्या फोनपर्यंत पोचले. त्यावर हल्लीच्या एका पॉप गायिकेची गाणी होती. वयाने पोरगीच आहे, पण मला तिचं एक विशेष वाटतं. बाकीचे प्रेमभंगावर गातात, ही मैत्रीवर गाते. मैत्रीण रुसली, मैत्रीण परगावी नोकरीला गेली, मैत्रिणीच्या लग्नात नवरीपेक्षा हिलाच रडू आवरेना, असली गाणी. मामांनी गवयासारखा एक हात कानाशी धरून चार गाणी ऐकली आणि म्हणाले, "गळो बरो हा." माझ्या माहितीत मामांनी केलेली ही सर्वांत मोठी स्तुती, अर्थात ती पोरगी समोर नव्हती. मग लगेच कपाळाला आठी घातली. "पण बीए, ही एकटीच बोलता. ती मैत्रीण खंय? तिका तोंड नाय?"

"मामा, पॉपमध्ये समोर कुणी नसतं."

"मग ती मैत्री कसली? ती आरती झाली!"

त्या दिवसापासून त्या पोरीच्या प्रत्येक गाण्याला मैत्रिणीच्या बाजूने उत्तर देणं हे मामांनी आपलं कर्तव्य मानलं. ती म्हणाली, तुझ्यासाठी जीव देईन. मामांनी त्याच चालीत उत्तर दिलं, जीव राहू दे, आधी नेलेली छत्री दे. ती म्हणाली, तू नाहीस तर घर रिकामं वाटतं. मामा म्हणाले, वाटणारच, माझी खुर्ची परत केलीस ना. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कॉलेजच्या मुलांनी एकदा स्पीकरवर तिचं गाणं लावलं होतं. मामा त्यांच्यापुढे उभे राहून मांडीवर ठेका धरून उत्तर देऊ लागले. पोरं खूश. "अंकल, एक नंबर! वन्स मोअर!" मामा भडकले. "वन्समोर कसलो? आता तुमची पाळी. उत्तर देवा!" पोरांनी नुसत्याच पुन्हा टाळ्या वाजवल्या. मामा बराच वेळ थांबले. मग छत्री उचलून चालू लागले. तेव्हा मला त्यांचा राग दिसला, बाकीचं दिसलं नाही.

बाकीचं असं, की गेल्या वर्षी शिवडीच्या बुवांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि त्या मधासारख्या गळ्यातून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा, गात राहा. मग दर रविवारी दुपारी मामांची पेटी, माझा फोन आणि तो फोन चालवायला मी, अशी आमची वरात शिवडीला जाऊ लागली. मी त्या पोरीचं गाणं लावायचं आणि तिच्याच चालीवर मामांनी बुवांना शिव्या घालायच्या. "बघा मंडळी बुवा निजले, फुकटचा चहा पिऊन सुजले," असलं काहीबाही. बुवा खाटेवर टेकून बघत राहायचे. कधी अर्ध्या ओठाने हसायचे.

"भावोजी, दमलात, चहा घ्या," बुवांच्या पत्नी, म्हणजे मामांच्या वहिनी, म्हणायच्या.

"दमता कोण? समोरून काय येतच नाय, तर दमतलंय कशान?" मामा म्हणायचे. मग बुवांकडे वळून, "तू पण त्या पोरीच्या मैत्रिणीसारखो झालंस मेल्या."

असे सात-आठ महिने गेले. एका रविवारी मामा आले ते थेट पेटीपुढे बसले. पेटी उघडली, भाता हलवला आणि मला म्हणाले, "फोन रवांदे, खिशात घाल." मग त्यांनी त्या पोरीचं गाणं म्हटलं, शब्द न बदलता. तू होतीस म्हणून माझ्या गाण्याला गाणं म्हणाले लोक, अशा अर्थाचं. ना छत्री, ना खुर्ची. मधे एकदा आवाज चिरकला तरी थांबले नाहीत. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. मला काय चाललंय ते उशिरा कळलं. चाळीस वर्षांची बारी मामा हरत होते, आपण होऊन.

बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. भुवया चढल्या. डावा हात चाचपडत उशाशी गेला, स्टीलचा पेला हाती लागला आणि तो त्यांनी खाटेच्या लोखंडी पट्टीवर दाणकन आपटला. पाणी मामांच्या पेटीवर उडालं. मान डावी-उजवीकडे हलली, एकदा, दोनदा. नाही. मान्य नाही. मग पुन्हा पेला, आणि यावेळी बरोबर ठेक्यात.

"मेल्यान मानल्यान नाय!" मामा ओरडले. "वयनी, बघा, मानल्यान नाय!" आणि धोतराच्या सोग्याने पेटी पुसायला लागले. पेटी केव्हाच कोरडी झाली तरी पुसतच होते.

जिना उतरताना माझा खांदा धरून म्हणाले, "बीए, तेका सांगू नको. पण ता मी खोटा म्हणूक नाय."

आम्ही अजून दर रविवारी शिवडीला जातो. शब्द आलेले नाहीत, येतील असं डॉक्टरही आता छातीठोक सांगत नाहीत. मामा शिवीगाळीचं एक कडवं म्हणतात आणि मग बुवांच्या कडव्याला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ पेटीचा नुसता सूर धरून बसतात. पेला ठेका देत राहतो. मामा मधेच मान डोलावतात, मधेच "हाऽऽ, ह्या लागला माका" म्हणून कळवळतात. मला तिथे पेल्याशिवाय काही ऐकू येत नाही. मी बी. ए. आहे, बुवा नाही.