बोल्टांच्या रांगेवरून

चिनू, मनू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही ड्रोनवरून भांडलात. "मीच हिला शिकवलं, आता सगळे हिचंच कौतुक करतात," असं चिनू म्हणाला, आणि भिवंडीतली एक केस लख्ख डोळ्यांसमोर आली. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची. फोनवर सांगवली नाही, म्हणून लिहिते. नाव कोणाचंच घेत नाही.

पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी संपली आणि एका लूम कारखान्याचा मालक फसवणुकीची तक्रार घेऊन आला. छपराचे सिमेंटचे पत्रे त्यानं ड्रोननं तपासून घेतले होते. अहवालात छप्पर ठीक. आठवड्याभरात अवकाळी पाऊस झाला, छप्पर गळलं, कापडाचे तागे भिजले. ड्रोन उडवणारी मुलगी पंचविशीची. कंपनीनं तिला घरी बसवलं होतं. गुन्हा सिद्ध झाला असता, तर पुन्हा कोणी तिला कामावर घेतलं नसतं.

चौथ्या दिवशी एक लूम कामगार ठाण्यात आला. "मैडम, बारिश से पहले दोपहर में लाइट गई थी, लूम बंद थे। ऊपर ठक-ठक सुनी मैंने। बिल्ली इतनी भारी नहीं होती।"

माझी उपनिरीक्षक म्हणाली, "मॅडम, त्याच मुलीला पुन्हा ड्रोन उडवू द्या ना. पंच घेऊन आपण शेजारी उभे राहू."

जुन्या फोटोंत पत्रे अखंड होते, नव्यांत अकरा फुटलेले. प्रत्येक भोक बोल्टांच्या रांगेपासून हातभर अंतरावर. बोल्टांखाली लोखंडी पट्टी असते. पाय तिथेच ठेवायचा, नाहीतर माणूस पत्र्यातून खाली. म्हणजे बोल्टांवर उभं राहून फोडणारा जाणकार होता. मुलीनं फोटो पाहिले आणि रिमोट खाली ठेवला.

ते छप्पर तिच्या वडिलांनी बसवलं होतं. दरवर्षी वर चढून तपासायचेही तेच. यंदा मालकानं त्यांना बोलावलंच नव्हतं.

चौकशीत ते तासभर "मला म्हायती न्हाय" एवढंच म्हणत राहिले. दरडावून उपयोग नव्हता. मी सहज म्हटलं, "कोणी नवशिक्या असणार. वाटेल तिथे पाय टाकलेत."

"खोटं हाय! माझा पाय बोल्ट सोडून कदी पडला न्हाय."

मग त्यांचं त्यांनाच कळलं. म्हणाले, "छप्पर बघायला मीच शिकवली तिला, साहेब. आता शेठ तिला मॅडम म्हणतो, खुर्ची देतो. मला अजून 'ए पत्रेवाले'."

"तिची नोकरी गेली असती."

"मला वाटला, मशीनची जाईल."

मुलगी कामावर परतली. वडिलांवर नुकसानीचा गुन्हा दाखल झाला.

हेवा परक्याचा फारसा होत नाही. आपण बोट धरून शिकवलेलं माणूस पुढे गेलं की होतो. हे मला त्यांच्या जबाबातून कळलं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. ती उपनिरीक्षक माझ्याच हाताखाली तयार झालेली, आणि त्या दिवशी वरिष्ठांनी फोनवर कौतुकानं तिचीच विचारपूस केली. संध्याकाळी केस डायरीत मी लिहिलं, ड्रोन पुन्हा उडवण्याची कल्पना माझी. तिनं वाचलं. "ठीक आहे, मॅडम," एवढंच म्हणाली.

ती नोंद अजून तशीच आहे.