काळ्या धोंड्याखालचं पाणी

वाकणपाड्याच्या विहिरीत वरून चौदाव्या थराला एक काळा धोंडा बसवलेला आहे. बाकी सगळं बांधकाम तांबूस दगडाचं. विहीर कुणी खणली हे गावात कुणाला सांगता यायचं नाही, पण तो धोंडा कशासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी त्याच्या खाली गेलं की उपसा बंद. खाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गोड पाणी खाऱ्याच्या वर दुधावरच्या सायीसारखं धरलेलं. साय फार ओढली की खालचं वर येतं. हंडे-कळश्यांनी पाणी शेंदणाऱ्या बायकांच्या हातून तो धोंडा उघडा पडणं कधी शक्यच नव्हतं. पण चौऱ्याण्णव साली विहिरीवर वीस हॉर्सपॉवरचा पंप बसला, आणि तो पंप चालवायला लागला गावचाच कान्हा.

झालं होतं असं. खारघर आणि तळोज्याच्या मधली गावची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. शहर यायचं तेव्हा येणार होतं, त्याआधी तिथं एका कंपनीचं गोल्फचं मैदान आलं. मैलभर हिरवळ, मधे मधे नऊ भोकं. भोकाभोवतीचं गवत इतकं बारीक कापलेलं की त्यावर हात फिरवला तर सतरंजीवरून फिरवल्यासारखं वाटावं. त्याला ग्रीन म्हणायचं. गावातली माणसं कुंपणाबाहेर उभी राहून म्हणायची, "आपली पोरा गोट्या खेलली तर उनाड, ये खेलले तर सायेब!"

विहीर कुंपणाच्या आत गेली. बायकांसाठी कंपनीनं एक बारकं फाटक ठेवलं. त्या वेळी गावानं दोन अटी घातल्या आणि त्या कंपनीनं तोंडी का होईना, मानल्या. एक, पंप धोंड्यापाशी थांबायचा. दुसरी, पंपावर माणूस गावचा. गावचे म्हातारे पंच सिताराम पाटील बैठकीत म्हणाले होते, "चावी आपले मानसाचे हातान हाय, म्हंजे बाव आपलेच हातान हाय."

आगरी बोलीत विहिरीला बाव म्हणतात. त्या दिवसापासून गावच्या बावीची राखण कान्हाकडे आली.

माणूस चोख. पहाटे यायचा, विहिरीच्या कठड्यावरच्या साती आसरांना, म्हणजे पाण्याच्या देवींना, हळदकुंकू वाहायचा, आत वाकून धोंडा बघायचा आणि मगच पंपाचं बटण दाबायचा. मग खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी टाकून एकेका ग्रीनवरचे फवारे सोडत फिरायचा. कुठला फवारा तोतरा, कुठला पाइप आतून गळतो, हे त्याला आवाजावरून कळायचं. खेळणारे येण्याआधी सगळं आटोपलेलं असायचं. दोन वर्षं झाली तरी तो रोजंदारीवरच होता. जमीन गेलेली, मिठागरं बंद झालेली. परमनंट झालं की बस्स, एवढंच त्याचं देवापाशी मागणं.

शहाण्णव सालच्या चैत्रात ग्रीन पिवळ्या पडायला लागल्या.

मैदानाची देखभाल रणजीत साहेबांकडे होती. साताऱ्याकडचे, शेतकी कॉलेजात शिकलेले, मनानं सरळ. विहिरीचं पाणी पुरेना म्हणून त्यांनी खाडीच्या बाजूला बोअर मारली होती आणि ते पाणी मैदानातल्या तळ्यात विहिरीच्या पाण्याशी मिसळून मैदानाला दिलं होतं. पिवळेपणा दिसल्यावर त्यांनी युरिया टाकला. गवत आणखी करपलं. एक मेला कंपनीचे मोठे साहेब परदेशी पाहुणे घेऊन खेळायला येणार होते, आणि तीन नंबरच्या ग्रीनवर मिठासारखी पांढरी पूड दिसायला लागली होती.

कान्हानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"सायेब, खार चरलाय. यांस औषीद नाय लागत. यांस धुवाला लागतं."

"धुवायला? हे काय धोतर आहे का, लेका?"

"आमची खारी शेतां अशीच धुवायची. गोरं पानी भरायचा, रातभर ठेवायचा, सकाली उघारी खोलून सोरून द्यायचा. तीन-चार भरण्या केल्या का खार उतरतं. ग्रीन बारकी, तिला येकच रात बास."

गोरं म्हणजे गोडं पाणी. हे सांगताना त्याची छाती फुगली होती, आणि का फुगू नये? त्याचा बाप त्या कामात पंचक्रोशीत नावाजलेला. एका साली भरतीनं बांध फोडून खाडी शेतात घुसली, तेव्हा लोकांनी पाच वर्षं पीक नाही म्हणून हात टेकले होते. कान्हाच्या बापानं शेत धुऊन दुसऱ्याच साली भात काढला होता. मैदानात दोन वर्षं राबून कान्हाला पहिल्यांदाच साहेबाला माहीत नसलेलं काही माहीत होतं.

रणजीत साहेबांनी विचार केला. "पाणी किती लागेल?"

"लागंल भरपूर. पन तल्यातला नको, त्यान बोअरचा मिसललाय. बावीचा निस्ता."

"धोंड्याचं काय?"

कान्हानं विहिरीकडे नजर टाकली. "नऊ दिसांचा काम हाय. मी बगतो."

साहेब म्हणाले, "कान्हा, हे जमलं तर तुझा कागद मी स्वतः हेड ऑफिसला घेऊन जाईन. परमनंट."

घरी त्यानं म्हाताऱ्या आईला सांगितलं. ती पायलीभर तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "तुजे बापानं शेत धुतला त्यो आशारान, बाला. वरशी देव वतत व्हता. आता चैत हाय. तू कनचा पानी वतशील?"

"बावीचा गो. नऊच दिस."

"बापानं बावीचा थेंब नाय घेतला कवा शेताला."

"तवा पंप कुटं व्हता?" असं म्हणून तो हसला. म्हातारी हसली नाही. सूप पुन्हा हलायला लागलं.

मग त्यानं मैदानात भातखाचरं केली म्हणायची. प्रत्येक ग्रीनच्या कडेला चिकणमातीचा वीतभर बांध घातला. जमिनीखालून पाणी निघून जायच्या नळाचं तोंड गोणपाट आणि चिखलाच्या गोळ्यानं बुजवलं, शेताच्या बांधातल्या उघाडीचं, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेचं, दार लावतात तसं. संध्याकाळी पाणी भरायचं, सकाळी गोळा काढायचा. नळातून पहिल्या दिवशी पाणी आलं ते मचूळ, गढूळ. "आलं बग, खार आलं!" म्हणून तो एकटाच टाळी वाजवून मोकळा झाला. रणजीत साहेब कमरेवर हात ठेवून बघत होते. "गड्या, मी आख्खं पुस्तक वाचलं होतं रे याच्यावर," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काळा धोंडा उघडा पडला.

कान्हा कठड्यावर वाकून बघतच राहिला. धोंड्याच्या अंगावर शेवाळ होतं. आजवर हवा न लागलेलं, हिरवंगार. त्याचा हात बटणावर होता. सहा ग्रीन राहिल्या होत्या. अर्धवट धुतलेलं शेत न धुतल्यापेक्षा वाईट, वरचा खार मुळाशी जाऊन बसतो, हे बापानंच शिकवलेलं. त्यानं आसरांना हात जोडले. "आयांनो, सा दिस. मंग म्हयनाभर हात लावनार नाय." आणि बटण दाबलं.

पाणी शेंदायला आलेल्या बायकांनी दोर लांब लागतो म्हणून विचारलं. त्याची बायको गोजरा त्यांच्यात होती. तिलाच त्यानं उत्तर दिलं, "उनाला हाय गो. मी हाय ना."

तो आहे म्हटल्यावर कुणी पुढं विचारलं नाही. दुसरा कुणी पंपावर असता तर त्याच बायकांनी कुंपण उपटून काढलं असतं. पाटलांच्या सुनेनं तर येता येता त्याला दोन कैऱ्या दिल्या.

नऊ दिवसांनी विहिरीच्या तळाचा कातळ दिसायला लागला होता. ग्रीन मात्र पालवल्या. एक मेला पाहुणे आले, खेळले. कुणी तरी गवताला हात लावून वाहवा केली. साहेबांनी सगळ्यांसमोर कान्हाच्या पाठीवर थाप मारली.

चार दिवसांनी दुपारी गोजरानं चुलीवरून टोप उतरवला आणि त्याच्यापुढं आदळला. "सकालपासून डाल शिजतं. बग. दाना फुटत नाय."

डाळ खाऱ्या पाण्यात शिजत नाही. कान्हाला हे कुणी सांगायला नको होतं. तो ताटावरून उठला तो थेट विहिरीवर गेला. पाणी वर आलं होतं, धोंड्याच्या बरंच वर. इतक्या लवकर विहीर कधी भरली नव्हती. एखाद्याला ते बघून आनंद झाला असता. त्यानं ओंजळभर तोंडात घेतलं आणि गिळलं. थुंकायचा धीर झाला नाही.

त्यानं पंपाचा फ्यूज काढून खिशात घातला. संध्याकाळी आपण होऊन सिताराम पाटलांच्या ओट्यावर गेला आणि सगळं सांगितलं. धोंड्याचंही. माणसं जमली. त्याला वाटलं होतं कुणी तरी कानाखाली वाजवेल. पाटलांनी तंबाखू मळायला घेतली.

"सायेबानं सांगितला का तुला?"

"नाय. मीच सांगितला सायेबाला."

"मंग आता कुनाशी भांडू आमी?" पाटील म्हणाले. "बोल ना. कंपनीचा मानूस असता तं मोर्चा नेला असता. तुजे दारान मोर्चा आनू?"

गावानं करायचं ते सगळं केलं. आसरांची ओटी भरली, दहीभात ठेवला, हिरव्या बांगड्या वाहिल्या. पंप महिनाभर बंद राहिला. रणजीत साहेबांनी पाणी तपासायला पाठवलं आणि आलेला कागद कान्हाला न दाखवता खिशात ठेवला. "पावसाळा जाऊ दे, बघू," म्हणाले. पावसाळा गेला. गणपतीत वरचं पाणी गोड लागलं, बायका पुन्हा हंडे घेऊन आल्या, कान्हाच्या आईनं देवापुढं नारळ फोडला. दिवाळीनंतर पुन्हा तेच. पुढच्या वर्षी दिवाळीपर्यंतही टिकलं नाही. दोन वर्षांनी विहिरीवर कपडे धुवायलासुद्धा कुणी जाईना, कारण साबणाला फेस येत नव्हता.

मैदानाला लांबून दुसऱ्या पाण्याची पाइपलाइन आली. कान्हा परमनंट झाला. साहेबांनी शब्द पाळला होता. गावासाठी त्या लाइनवर एक नळ द्या म्हणून तो तीनदा ऑफिसात गेला. "अरे, ते गटाराचं शुद्ध केलेलं पाणी आहे, गवतापुरतं," साहेब म्हणाले. "पिण्याचं असतं तर मीच जोडून दिला असता." नोकरी सोडायचंही एकदा त्याच्या मनात आलं. गोजरा म्हणाली, "सोरल्यानं बाव गोरी व्हतं का?" तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

नव्याण्णवच्या वैशाखात त्याच्या मुलीची, जागृतीची हळद होती. हळदीचं पाणी बायकांनी वाजतगाजत विहिरीवरून आणायचं, ही गावची रीत. या वेळी टँकर सांगितला होता. चारचा टँकर सहा वाजले तरी येईना. मांडवात नवरी पाटावर बसलेली, हळद वाटून तयार, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण तीन गाणी म्हणून थांबलेली. बायका कळश्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या. कुणी विहिरीचं नाव काढलं नाही. कान्हा समोरच होता म्हणूनच काढलं नाही, हे त्याला कळत होतं.

शेवटी टँकर आला. ड्रायव्हर घामाघूम. "सॉरी बाबा, आज भरायलाच टाइम लागला. पनवेलच्या पुढं एका मळ्यात विहीर आहे, तिथनं भरतो ना आपण. पंप हवा ओढायला लागला. आता मालक म्हणतो, पाइप अजून दहा फूट खाली सोडतो."

कान्हाच्या हातात टँकरचा पाइप होता. त्यानं तोंड उघडलं. त्या गावात असा एखादा धोंडा आहे का, हे त्याला विचारायचं होतं. पण बायकांनी कळश्या पुढं केल्या होत्या, नवरी खोळंबली होती, ड्रायव्हर घाई करत होता.

"सोरा ना पानी," गोजरा म्हणाली.

त्यानं कॉक फिरवला. पाच कळश्या भरल्या. बायका गाणं म्हणत मांडवाकडे गेल्या, आणि तो उरलेले हंडे भरत उभा राहिला.