शिडांच्या पडद्याआडची वाइन

याकित्साच्या जिभेबद्दल लुंबार्दा गावात दोन मतं नव्हती. ती सात वर्षांची असताना बापानं गंमत म्हणून शेजाऱ्याच्या पिंपातली वाइन "ही आपली" म्हणून तिला बोटभर चाखवली, तर पोरगी तोंड वाकडं करून म्हणाली, "ही आपली नाही. ही चर्चमागच्या मळ्यातली आहे, आणि पिंप नीट धुतलेलं नाही." बाप हसला, शेजारी हसला नाही. तेव्हापासून गावात कोणाची वाइन आंबायला लागली, कोणी द्राक्षं दोन दिवस उशिरा तोडली, कोणी झाकण सैल ठेवलं, याचा निवाडा याकित्साकडे यायचा. लोक पेला घेऊन यायचे, ती एक घोट घ्यायची, खिडकीबाहेर बघायची आणि सांगायची. तिचं म्हणणं कधी चुकलं नाही. पण एवढी जीभ असून तिच्या स्वतःच्या वाइनचं नाव कोर्चुला बेटाबाहेर कोणी ऐकलं नव्हतं. नवरा निक्शा आणि ती जी काही वाइन करायचे, ती गावातल्या खाणावळीत काचेच्या सुरईतून जायची. सुरईवर काही कोणाचं नाव नसतं.

नाव झालं होतं ते तिच्या जावेचं.

नेवेंका नात्यानं मोठी, कारण येरको हा निक्शाचा थोरला भाऊ. पण येरकोनं लग्न उशिरा केलं, त्यामुळे घरात ती आली याकित्साच्या मागाहून. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशातली गत. माहेर तिचं सिन्यचं, डोंगरापलीकडचं, मेंढ्यांच्या मुलखातलं. तिला वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. उन्हाळ्यात ती गर्कमध्ये सोडा ओतून प्यायची. गर्क म्हणजे आमच्या वाळूत होणारं पांढरं द्राक्ष, आणि त्याच्या वाइनलाही तेच नाव. ती कोरडी असते, जिभेवर पाइनच्या चिकासारखी येते, नि शेवटी थोडी कडू होऊन खारट राहते. त्यात सोडा! नेवेंकाला तसं करताना पाहिलं की याकित्सा स्वयंपाकघरात निघून जायची आणि तिथे भांडी जरा जोरात आपटायची.

आता या सगळ्याचं मूळ वाटणीत होतं. गर्कच्या फुलाला स्वतःचे पराग नसतात. शेजारी प्लावात्स नावाचं काळं द्राक्ष फुललं आणि त्याच्यावरून वारा आला, तरच गर्कचा घड धरतो. लुंबार्दात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सासऱ्यानं दोन मुलांत मळा वाटला तेव्हा वाटेकडच्या प्लावात्सच्या रांगा गेल्या थोरल्याकडे. याकित्सानं तोंड उघडलं, तर म्हातारा म्हणाला, "अगं सूनबाई, वारा काही वाटून घ्यायचा नसतो. दोघांना पुरेल." पुरलाही. जूनच्या दुपारी वायव्येचा वारा सुटला की तो नेवेंकाच्या काळ्या वेलींवरून थेट याकित्साच्या गर्कमध्ये शिरायचा. स्वतःचं प्लावात्स लावायचं तर गर्कच्या दोन रांगा उपटाव्या लागल्या असत्या, आणि मळा तरी केवढा, हातरुमालाएवढा. म्हणजे याकित्साच्या वेलीवर धरलेला प्रत्येक मणी हा जावेच्या कृपेचा. नेवेंका हे दरवर्षी बोलूनही दाखवायची, अगदी मनापासून. "काय गं याकित्सा, यंदा माझ्या प्लावात्सनं तुझा गर्क बरा धरवला ना?"

सव्वीस वर्षं याकित्सानं हे वाक्य ऐकलं, आणि सव्वीस वर्षं तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यात राजधानीतून, झाग्रेबहून, व्लास्ता यायला लागली. या बाईचा उद्योगच असा, की फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या पांढऱ्या वाइन शोधत बेटाबेटानं हिंडायचं. विसची वुगावा, ह्वारची बोग्दानुशा, क्र्कची झ्लाह्तिना, अशी एकेका ठिकाणची एकच वाइन ती निवडायची. मार्चमध्ये झाग्रेबला मोठ्या दालनात ती मांडायची, आणि वर वाइन करणाऱ्याचा फोटो नि नाव. एकदा निवडलेली वाइन, तिच्याहून सरस सापडेपर्यंत कायम. लुंबार्दात आली तेव्हा तिनं सगळ्यांचे पेले चाखले आणि निवडली नेवेंकाची.

ती द्राक्षं तोडायची तारीख नेवेंकाला कोणी सांगितली होती? याकित्सानं. मणी चावून, बी थुंकून, "मंगळवारी तोड" असं सांगितलं होतं तिनं. नेवेंकानं झाग्रेबच्या पेपरवाल्यालाही हे सांगितलं म्हणे, की मला काय कळतंय, आमची याकित्साच सांगते. पेपरवाल्यानं ते छापलं नाही. फोटो मात्र छापला. त्या फोटोत नेवेंकाची मान जरा वाकडी आली होती, एवढाच काय तो याकित्साला आधार. चणे आहेत तिला दात नाहीत, नि दात आहेत तिला चणे नाहीत, असं ती निक्शाला ऐकवायची.

"मग चावून दे की तिला," निक्शा म्हणायचा आणि जाळी विणायला बसायचा.

लागोपाठ तीन वर्षं व्लास्ता आली आणि तीन वर्षं नेवेंकाच. तिसऱ्या वर्षी याकित्साची वाइन चाखून ती म्हणाली, "छान आहे, पण तुमच्या जाऊबाईंच्या वाइनसारखीच आहे." त्या रात्री याकित्सा जेवली नाही. सारखी असणार नाही तर काय, पराग तिचेच, वारा तिच्याच मळ्यावरून आलेला. एकदा तरी असा गर्क करायचा की ज्यात नेवेंकाचा कणही नसेल, आणि त्यावर स्वतःचं नाव लावायचं. एवढं एकच तिला आयुष्यात हवं होतं, आणि ती छप्पन्न वर्षांची झाली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, वेली फुलायच्या तोंडावर, तिनं सासऱ्याच्या होडीची जुनी शिडं माळ्यावरून काढली. त्यांना ताडपत्रीचे तुकडे जोडले, आणि बांबू रोवून दोन मळ्यांच्या हद्दीवर दोन पुरुष उंचीचा पडदा उभा केला.

"हे काय?" निक्शानं विचारलं.

"समुद्राचं खारं वारं लागतं वेलींना."

निक्शानं पडद्याकडे पाहिलं, मग वळून पाठीमागे पाहिलं. "याकित्सा, समुद्र तिकडे आहे."

"तू मासे पकड."

गावाला चांगलंच खाद्य मिळालं. खाणावळीत रोज कोणीतरी विचारायचं, की याकित्सानं मळ्यात लग्न मांडलंय की तंबूतला सिनेमा. नेवेंका मात्र हसली नाही, तिनं काही विचारलंही नाही. ते याकित्साला जास्तच लागलं. भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

जुलैत घड पाहून निक्शाच्या हातातली कात्री तशीच राहिली. कुठून कुठून दूरच्या मळ्यांतले थोडे पराग पडद्यावरून आले असतील तेवढेच. घडात एखादा मणी मोठा, बाकी सगळे बारीक, बिनबियांचे, आणि मधे नुसते देठ.

"ही द्राक्षं आहेत की मोहरी?" तो म्हणाला.

याकित्सा घाबरली होती, पण जावेच्या समोर घाबरणं तिच्या रक्तात नव्हतं. दरवर्षी तीस क्रेट निघायचे, या वर्षी नऊ निघाले. खाणावळवाल्यानं सुरईसाठी दुसऱ्याकडून वाइन घेतली. निक्शा आठवडाभर तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. पण ते बारीक मणी तिनं दाताखाली धरले तेव्हा ती वेलीपाशीच उकिडवी बसली. मणी इतके दाट गोड होते की ओठ चिकटले, आणि पाठोपाठ ते मीठ आणि तो पाइनचा कडवटपणा. आयुष्यभर तिनं हजारो पेले चाखले होते. हे तिला कुठे भेटलं नव्हतं.

हिवाळाभर ती दर रविवारी चर्चमधून आल्यावर तळघरात उतरायची, एक घोट घ्यायची आणि वर येऊन कोणाशी न बोलता मासे साफ करायला बसायची. निक्शा समजून गेला. फेब्रुवारीत तो स्वतःच खाली जाऊन चाखून आला आणि म्हणाला, "बरं झालं समुद्र तिकडे होता."

व्लास्ता फेब्रुवारीच्या शेवटी आली. चाखण्याचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या खोलीत होता. सात घरांच्या सात बाटल्या, प्रत्येकीवर लोकरीचा पायमोजा चढवलेला आणि त्याला नंबर अडकवलेला, म्हणजे कोणाची बाटली ते पाहुणीला कळू नये. टेबलावर खारवलेले सार्डिन मासे, बकरीचं चीज आणि पाव. याकित्सानं आधी स्वतः सगळ्या चाखल्या, तो मान तिचाच होता. दोन नंबरवर तिची जीभ थांबली. नेवेंकाची. चांगली होती, मेलीची. मोकळी, हसरी, दरवर्षी असायची तशीच.

व्लास्तानं दोन नंबर चाखला, मान हलवली आणि म्हणाली, "ही ओळखीची आहे. आवडते मला." तीन नंबर चाखून लगेच थुंकला. मग चार नंबर घेतला, आणि ती बोलायची थांबली. तिनं दुसरा घोट घेतला. पाव बाजूला सारला. मग खिडकीबाहेर बघत बसली, अगदी याकित्सा बघायची तशी.

"ही कोणाची?" शेवटी तिनं विचारलं. "इतकी वर्षं हिंडतेय मी. असा गर्क मी प्यायले नाही. यंदा लुंबार्दाची हीच."

याकित्सानं व्लास्ताकडे पाहिलंच नाही. तिला पाहायचा होता तो नेवेंकाचा चेहरा. तो एकदा तरी काळवंडलेला बघावा, यासाठी नऊ क्रेटवर वर्ष काढलं होतं तिनं. नेवेंकानं पुढे होऊन चार नंबर पेल्यात ओतला. सोडा घातला नाही. एक घोट घेतला, डोळे मोठे केले, आणि पेला तसाच हातात धरून तिनं याकित्साला मिठी मारली. थोडी वाइन याकित्साच्या पाठीवर सांडली.

"तुझीच आहे ना? मला सुद्धा कळलं गं, मला सुद्धा! मी येरकोला कधीची सांगतेय, आमच्या घरात वाइन कळते ती एकट्या याकित्साला."

याकित्सा ताठ उभी राहिली.

"पण केलं कसं हे?" व्लास्तानं वही उघडली.

याकित्सानं घसा साफ केला. हे वाक्य तिनं हिवाळाभर तळघरात घोकलं होतं. "मधे पडदा लावला. फुलं आली तेव्हा शेजारच्या प्लावात्सचे पराग येऊ दिले नाहीत. मणी बारीक राहिले, रस दाट झाला. या वाइनमध्ये दुसऱ्या कोणाचं काही नाही."

वाक्याचा रोख सगळ्यांना समजला. एका नेवेंकाला नाही.

"तो पडदा त्यासाठी होता होय?" ती म्हणाली. "अगं, मग मी बरंच केलं म्हणायचं. तुझ्या बहिणीच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही दोघं स्प्लितला गेला होतात ना दोन रात्री, तेव्हा दक्षिणेचं वारं सुटलं आणि पडदा अख्खा खाली आला. वेली ऐन फुललेल्या. येरको म्हणाला, राहू दे, वेडेपणा आहे. मी म्हटलं, याकित्सानं लावलाय म्हणजे काहीतरी असणारच, तिची जीभ कधी खोटं बोलत नाही. मग पहाटे शिडी लावून मीच वर चढले. दाभणानं शिवला पुन्हा. हे बघ, अजून वण आहे बोटावर."

तिनं बोट पुढे केलं. वण होता. कोणीतरी खोकलं. निक्शानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

व्लास्ताला यातलं काही कळलं नाही. ती फोटोची घाई करत होती, बाहेर उजेड चांगला आहे म्हणाली. दाराबाहेर भिंतीपाशी याकित्साला उभं केलं, हातात बाटली दिली. येरको म्हणाला, दोघी उभ्या राहा की. नेवेंका हात झाडत मागे सरली. "छे, मी कशाला? ही तिची आहे, तिच्या एकटीची. तुझा गळपट्टा दे इकडे याकित्सा, मान झाकतोय तो. आणि मान सरळ ठेव हं, माझी वाकडी आली होती."

तिनं याकित्साचा गळपट्टा घेतला, आपल्या खांद्यावर टाकला आणि फोटो काढणाऱ्या व्लास्ताच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथून ती याकित्साला हसवायला तोंडं करत होती. याकित्सा तिच्या चेहऱ्यावर कुठे काही सापडतंय का ते शोधत राहिली. सव्वीस वर्षं आपण जिच्यावर जळलो तिला जळणं येतच नाही, हे तिला तेव्हा कळलं. आणि बाटली छातीशी धरून, मान सरळ ठेवून, तिला त्याचासुद्धा हेवा वाटला.